रुग्ण घरी आल्यानंतरची परिचारिका

रुग्णालयातून सुट्टी मिळाली की घरचे लोक सुटकेचा निःश्वास टाकतात. आजार मात्र त्या दिवशी संपलेला नसतो. वयोवृद्ध रुग्णाच्या बाबतीत तर घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे फार नाजूक असतात. जुन्या गोळ्या उशाशी असतात, नव्या पिशवीतून येतात. कधी नावे निराळी पण औषध एकच, आणि रुग्ण दोन्ही घेत राहतो.

घरी जाऊन शुश्रूषा करण्याची प्रथा जुनी आहे. लिव्हरपूलचे व्यापारी विल्यम रॅथबोन ह्यांच्या पत्नीची अखेरच्या आजारात मेरी रॉबिन्सन ह्या परिचारिकेने सेवा केली. पुढे १८५९ साली रॅथबोन ह्यांनी त्यांनाच शहरातील गोरगरिबांच्या घरी पाठविण्यास आरंभ केला.

ह्या कार्याची शास्त्रीय कसोटी अमेरिकेत मेरी नेलर ह्यांनी घेतली. फिलाडेल्फियातील दोन रुग्णालयांतील ६५ वर्षे व त्यावरील ३६३ रुग्णांवरील त्यांचा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. विशेष प्रशिक्षित परिचारिका रुग्णाला रुग्णालयातच भेटे, सुट्टीनंतर ४८ तासांच्या आत घरी जाई, सातव्या ते दहाव्या दिवसादरम्यान पुन्हा जाई आणि दूरध्वनीवर आठवडाभर उपलब्ध असे. २४ आठवड्यांत नेहमीची सेवा मिळालेल्यांपैकी ३७.१ टक्के, तर परिचारिका लाभलेल्यांपैकी २०.३ टक्केच रुग्ण पुन्हा दाखल झाले.

ही परिचारिका घरी नेमके काय करते? डॉक्टरांच्या कागदाशी गोळ्या ताडून पाहते, जखम तपासते. हृदय दुर्बल असलेल्यास रोज सकाळी वजन करायला शिकविते. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर ती चरबी नव्हे, अंगात साचणारे पाणी होय. धाप लागण्याआधीच डॉक्टरांना कळविता येते. पापड, लोणचे, सुकी मासळी ह्यांतील मीठही तिच्या नजरेतून सुटत नाही. (आपल्याकडे सुक्या बोंबलावर बंदी घालणे सोपे नाही, हे आम्ही जाणतो!)

आमच्या धर्मग्रामांत रुग्णालयातून निवृत्त झालेल्या परिचारिका आहेत. रविवारी मिस्सानंतर रक्तदाब तपासून देण्याइतपत त्यांचा उपयोग आपण करून घेतो. घरभेटीसाठी तेवढे पुरेसे नाही. रुग्णाची कागदपत्रे तिला पाहता आली पाहिजेत आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी थेट बोलता आले पाहिजे. एरवी ती केवळ चांगली शेजारीण ठरेल. तोवर सुट्टीच्या दिवशी वॉर्डातील परिचारिकेकडून जुन्यांपैकी कोणत्या गोळ्या बंद, कोणते लक्षण दिसताच परत यायचे आणि रात्री कोणत्या क्रमांकावर फोन करायचा, हे कुटुंबीयांनी कागदावर लिहून घ्यावे.