एक तराजू, अनेक जिन्नस

माळशिरसच्या आठवडी बाजारात भाजी तोलताना तुम्ही पाहिली असेल. एकाच तराजूत आधी कांदे, मग गवार, मग आले. प्रत्येक भाजीला वेगळा तराजू लागत नाही. तराजूची अट एकच : पारड्यात येणाऱ्या वस्तूला वजन हवे. संगणकाच्या आज्ञावलीतही अशीच एक सोय असते. तिची आज ओळख करून घेऊ.

यादीतील सर्वांत मोठी वस्तू शोधायची आहे. पहिली वस्तू ‘आतापर्यंतची मोठी’ समजा. पुढची प्रत्येक वस्तू तिच्याशी ताडून पाहा; मोठी निघाली तर तो मान तिला द्या. यादी संपली की उत्तर हाती येते. परीक्षेचे गुण असोत, मुलांच्या उंची असोत की उसाच्या गाड्यांची वजने, कृती तीच राहते. मग ती पुन्हा पुन्हा का लिहावी?

मी एकदा यावर सोपा तोडगा काढला. चाचणीच्या गुणांसाठी ‘काहीही चालेल’ अशी यादी केली आणि कळफलकावरून आलेले गुण तिच्यात तसेच भरले. ९ गुणांचा मुलगा ८५ गुणांच्या मुलीच्या वर जाऊन बसला! कळफलकावरून येते ती चिन्हांची ओळ. तिचा अंक आपण करून घ्यावा लागतो. संगणकाने शब्दकोशाप्रमाणे पहिले चिन्ह ताडले : ८ पेक्षा ९ मोठा. आज्ञावली कोठेही अडखळली नाही. यादी फळ्यावर लागल्यावर चूक दाखवली ती त्या मुलीनेच.

चिठ्ठी नसलेल्या डब्यात साखर आहे की मीठ, हे चहाचा घोट घेतल्यावर कळते. तसेच हे झाले. तेव्हा डब्याला चिठ्ठी लावू : यादी<प>. बीजगणितात क्ष ही कोणत्याही संख्येची जागा, तशी प ही कोणत्याही प्रकाराची जागा. वापरताना यादी<अंक> असे लिहिले की चिन्हांची ओळ तिच्यात घालता येत नाही. आज्ञावलीचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा कम्पायलर ती चूक आज्ञावली चालू होण्यापूर्वीच दाखवतो. अशा प्रकाराला ‘जेनेरिक’ म्हणतात.

आता सांगा : माळशिरस, अकलूज, नातेपुते आणि वेळापूर यांतील मोठे कोणते? तुम्ही लगेच विचाराल, “कशाने मोठे? लोकसंख्येने की क्षेत्रफळाने?” बरोबर! ‘गाव’ या प्रकाराला तुलनेचा नियमच दिलेला नाही. म्हणून आपल्या कृतीच्या माथ्यावर अट लिहितात :

सर्वांत_मोठा<प>(यादी<प>) जेथे प : तुलनीय

‘जेथे’नंतरचा भाग म्हणजे अट, अर्थात ‘कन्स्ट्रेंट’. वस्तुकेंद्री भाषांत वस्तूजवळ माहितीबरोबर तिच्या क्रियाही असतात. जिच्याजवळ ‘दुसरीशी तुलना कर’ ही क्रिया आहे, ती तुलनीय. गावाला लोकसंख्येने तुलना करण्याची क्रिया लिहून दिली, की तेही पात्र ठरते.

अट म्हणजे बेडी, असे वाटेल. पण अट नसती तर प विषयी आपल्याला काहीच ठाऊक नसते आणि कम्पायलरने तुलना करूच दिली नसती. उलट ‘प हा अंकच हवा’ अशी कडक अट घातली, तर गावे बाहेर राहतात. म्हणून कामाला लागेल तेवढीच अट घालावी. मात्र एक लक्षात ठेवा : चिन्हांची ओळही तुलनीयच असते. माझी चूक या अटीने सापडली नसती. ती डब्यावरच्या चिठ्ठीनेच सापडली असती. दोन्ही पहारेकरी हवेत.

अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत बार्बरा लिस्कॉव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात घडवलेल्या ‘क्लू’ या भाषेत अशा अटी होत्या. जावा भाषेत ही सोय २००४ साली आणि सी-शार्पमध्ये २००५ साली आली.

आता तुमच्यासाठी एक प्रश्न. यादीची सरासरी काढणारी कृती लिहायची आहे. प कडून कोणकोणत्या क्रियांचे वचन घ्याल? तुलनेचे वचन लागेल का? वहीत लिहा आणि वर्गात शिक्षकांशी चर्चा करा.