एकाच बांधातली वेगळी कुळं

शिरोळच्या काळ्या रानात ऊसतोड सुरू झाली की पाचटाखालून इवलेसे उंदीर पळतात. तपकिरी पाठ, पांढुरकं पोट, वजन वीस ग्रॅमच्या आतबाहेर. आपल्या लेखी ते सगळे 'उंदीर'च. दख्खनच्या मातीत मात्र अशी जवळजवळ एकसारखी दिसणारी निरनिराळी कुळं बिळं करून राहतात.

हे नीट टिपलं वॉल्टर एलियट या कंपनी सरकारच्या मुलकी अधिकाऱ्याने. 1824 च्या कित्तूरच्या लढ्यात तो कैदेतही पडला होता. 'दक्षिण मराठा मुलखा'तल्या सस्तन प्राण्यांची त्याची यादी 1839 साली मद्रासच्या नियतकालिकात छापून आली. तिच्यातली उंदरांची माहिती जिवंत वाटते ती वडारांमुळे. बिळं खणून उंदीर धरायचे, आत साठलेलं धान्य काढून घ्यायचं, हा त्यांचा पोटापाण्याचा उद्योग. कोणत्या मातीत कोण राहतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्यांचा 'लेगाडे' बघा. चपट्या काटेरी केसांचा हा उंदीर तांबड्या मुरमात, बहुधा दरडीच्या कडेला बीळ करतो. मालक घरात असला की बिळाचं तोंड खड्यांनी बुजलेलं, आणि बाहेरही खड्यांचा ढीग. त्यावरून बीळ ओळखायचं. आतल्या खोलीतही खड्यांचंच अंथरूण. त्यावर तो बसतो आणि पोटावरचे दाट केस त्याला गारठ्यापासून आणि खड्यांच्या टोचण्यापासून वाचवतात. प्राणिशास्त्रज्ञ बेनेटने 1832 मध्येच 'दख्खन'च्या नमुन्यावरून त्याला मस प्लॅटिथ्रिक्स हे शास्त्रीय नाव दिलं होतं.

खरा पेच शेतातल्या लहान उंदरांचा. मस बूडुगा आणि मस टेरिकलर या त्यांतल्या दोन जाती; दोघांचीही गुणसूत्रं 40. पण टेरिकलरच्या एक्स गुणसूत्राची ठेवण निराळी, म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली दोघे वेगळे पडतात. पुढे टेरिकलरमध्येच गुणसूत्रांच्या तीन तऱ्हा सापडल्या. माझ्या मते ही जात फुटण्याच्या वाटेवर आहे. इस्रायलमध्ये असंच घडलं. तिथल्या आंधळ्या बिळकऱ्या उंदरांत गुणसूत्रांची संख्या 52, 54, 58 आणि 60 भरली, बाहेरून मात्र फरक दिसेना. 2001 साली एविएतार नेवो आणि सहकाऱ्यांनी त्यांना चार जाती म्हणून नावं दिली.

इतकं लांब जायचीही गरज नाही. पुण्याच्या सिंहगडावरचा कोंडाणा उंदीर, मिलार्डिया कोंडाना, शास्त्राला 1975 मध्ये कळला. रोज माणसांनी गजबजणाऱ्या गडावर हे! मग राधानगरी-शाहूवाडीच्या सड्यांवर काय असेल? एकमेकांपासून तुटलेली ही जांभ्याची पठारं बिळात राहणाऱ्या जिवासाठी बेटंच, आणि त्यांतली काही बॉक्साइटसाठी खणली गेली आहेत. प्रत्येक सड्यावरून कानाचा इवलासा तुकडा अल्कोहोलमध्ये, कवटी आणि कातडं जागेच्या नावासह जपून, गुणसूत्रं ताज्या पेशींतून, एवढं तरी खोदकामाआधी व्हायलाच हवं. बांधावर झिंक फॉस्फाइडच्या गोळ्या टाकतानाही कोण मरतंय ते आधी तपासावं: पिकावर पडणारा, की मुरमात खडे रचणारा.