खर्ज उतरवताना : बेस गिटारच्या सेटअपबद्दलचे गैरसमज

बेस गिटारच्या चार तारा जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन आणि पांढरी पाच अशा मिळवतात. सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा थरथरते. हा सूर आणखी खाली न्यायची वेळ गायकाच्या पट्टीमुळे येते किंवा जड बाजाच्या संगीतामुळे येते. डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात तिसरे कारणही संभवते, ते म्हणजे तारपा. वारल्यांचे हे फुंकून वाजवायचे वाद्य हार्मोनियमच्या पट्टीला मिळवून बांधलेले नसते. त्याचा सूर बांधणाऱ्याच्या कानावर ठरतो आणि तो दोन पट्ट्यांच्या मधेही सापडू शकतो. अशा वेळी उतरायचे किंवा चढायचे ते बेसने.

सर्वांत पसरलेला गैरसमज असा, की चावी सैल केली की काम झाले. सूर उतरतो हे खरे, पण तारेचा ताणही उतरतो, आणि तो सुराच्या मानाने बराच जास्त उतरतो. पांढरी तीनची तार पांढरी दोनवर आणली तर ताण पाचव्या हिश्श्याने घटतो. तीच तार खालच्या पांढरी सातवर, म्हणजे सुमारे ३१ कंपनांवर आणली, तर ४४ टक्के ताण गेलेला असतो. मग तार लोंबल्यासारखी मोठ्या झोक्याने हलते आणि फ्रेटवर आपटून खरखरते. जोरात छेडली की सूर आधी चढा लागतो, मग खाली घसरतो. बोटाचा दाब जरा वाढला तरी ती बेसूर होते.

सूर ठरवणाऱ्या गोष्टी तीन : लांबी, ताण आणि वजन. लांबी गिटारच्या बांधणीतच ठरलेली असते, बहुतेक बेसमध्ये ३४ इंच. ताण एका मर्यादेपलीकडे सोडता येत नाही. उरते वजन, आणि ही युक्ती आपल्याकडे फार जुनी आहे. ज्या मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात खर्जाची तार पितळी आणि जाड असते, बाकीच्या बहुधा पोलादी. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक थापतात तीही वजनासाठी. तारप्याच्या भोपळ्यात बांबूच्या जिभा बसवलेल्या असतात. अशा जिभेच्या टोकाला मेणाचा कण लावला की ती जड होते, हळू थरथरते आणि सूर उतरतो. लांबलचक कर्ण्यामुळे तारपा खर्जात बोलतो, ही समजूत मात्र फसवी आहे. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांच्यासारख्या वारली चित्रकारांच्या चित्रांत तो कर्णा डोळ्यांत भरतो, पण सूर मुख्यतः जिभांवर आणि बांबूच्या नळ्यांवरच्या भोकांवर ठरतो. ताडाच्या पानांचा कर्णा आवाज दूर पोचवतो.

बेसवर हेच वजन जाड तारेच्या रूपाने येते. नेहमीच्या संचात सर्वांत जाड तार इंचाच्या हजारांशात १०५ असते. पूर्ण एक सूर उतरूनही हाताला तोच ताण हवा असेल तर ती साधारण ११८ची लागते. पांढरी सातसाठी सरसकट १३० वापरतात. त्यात ताण थोडा कमी पडतो, पण चालतो. एवढ्यासाठी पाच तारांचा बेस घ्यावाच लागतो हा दुसरा गैरसमज. पाच तारांचा संच आणून त्यातली सर्वांत बारीक तार बाजूला ठेवली की चार तारांच्या बेसवर हेच काम स्वस्तात होते.

अडचण येते ती नटवर. डोक्याजवळच्या या पट्टीतली खाच १०५च्या तारेसाठी कापलेली असते. १३०ची तार तीत नीट बसत नाही, वरच अडकून राहते. मग पहिल्या फ्रेटवर ती जास्त दाबावी लागते आणि सूर चढा लागतो. मिळवतानाही ती अडकते आणि मग टक् आवाज करून एकदम सरकते. खाच गोल कानशीने, डोक्याच्या दिशेला किंचित उतार ठेवून रुंद करावी लागते. तळ जास्त खोल गेला तर नट बदलण्यावाचून इलाज नाही, म्हणून हे काम जाणकाराकडून केलेले बरे.

सूर उतरवला की मान वाकते, ही भीतीही उलटी आहे. चार तारा मिळून मानेला साधारण ७० ते ८० किलोच्या ओढीने पुढे खेचत असतात. त्याच तारा सैल केल्या की ही ओढ घटते, आतली सळई वरचढ होते आणि मान सरळ किंवा मागे जाते. खरखरीचे हे एक मोठे कारण. अशा वेळी सळई, म्हणजे ट्रस रॉड, पाव फेरा सैल करायची. जाड तारांनी ओढ मूळच्याहून वाढली असेल तर उलट आवळायची. पारख सोपी आहे. तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून धरायची आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी फट पाहायची. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी, म्हणजे सुमारे ०.३ मिलिमीटर, पुरे. तारांची उंची कमी-जास्त करायला मात्र सळईला हात लावू नये, ते काम ब्रिजवरच्या सॅडलचे, म्हणजे तार जिथे टेकते त्या तुकड्याचे.

शेवटी इंटोनेशन. बाराव्या फ्रेटवर हलका स्पर्श करून निघणारा सूर आणि तिथेच दाबून निघणारा सूर एक यायला हवा. दाबलेला चढा असेल तर सॅडल मागे सरकवायचे. जाड तारेला ते बहुधा मागेच न्यावे लागते. क्रम चुकला तर सारे पुन्हा करावे लागते : आधी तारा आणि ठरलेला सूर, मग मान, मग उंची, मग इंटोनेशन.

अर्ध्या सुराच्या आतला फरक असेल तर हा खटाटोप सहसा लागत नाही, जुन्याच तारा चालतात. डहाणूच्या किनाऱ्यावर त्याहून मोठा फरक पावसाळा करतो. दमट हवेत लाकूड फुगते, मान हलते, खाऱ्या वाऱ्याने तारा गंजतात. म्हणून पावसाच्या आधी आणि नंतर मान तपासणे आणि वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसणे भाग आहे.

छोट्या स्पीकरवर ३१ कंपनांचा मूळ सूर जवळजवळ निघतच नाही. वरच्या ६२ आणि ९३ कंपनांवरून कान तो जुळवून घेतो. तेव्हा आवाज पोकळ वाटला म्हणून लगेच सेटअपला दोष देऊ नये.

तारप्याशी मिळवताना आणखी एक पथ्य. फुंकेच्या उबेने आणि ओलाव्याने जिभांचा सूर सुरुवातीला हलतो. तारपकऱ्याला थोडा वेळ वाजवू द्यावे, मग मोबाइलवरचा ट्यूनर बंद करून कानाने तार मिळवावी.