ऑटिस्टिक मूल आणि वर्गातली मदतनीस ताई: गैरसमज आणि वस्तुस्थिती

इंग्लंडमधल्या सरकारी प्राथमिक शाळेच्या वर्गात शिक्षिकेबरोबर बहुधा आणखी एक मोठं माणूस असतं. त्यांना टीचिंग असिस्टंट म्हणतात, बोलताना नुसतं 'टीए'. तिथल्या सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळांत असे अडीच लाखांहून जास्त सहायक आहेत. ऑटिस्टिक मुलांपैकी बहुसंख्य मुलंही विशेष शाळेत नाही, सर्वसाधारण शाळेतच शिकतात, आणि त्यातल्या अनेकांचा शाळेतला मोठा वेळ टीएच्या सोबतीने जातो. मुंबई-पुण्यातल्या काही शाळांत याच्या जवळचं काम 'शॅडो टीचर' करते, पण तिचा पगार बहुतेक वेळा पालकच देतात. या सोबतीवर मुलाची शाळा टिकते किंवा मोडते, आणि म्हणूनच तिच्याविषयीचे गैरसमज दूर व्हायला हवेत.

सगळ्यांत जुना गैरसमज असा, की 'या मुलांना माणसं नकोच असतात'. त्याची मुळं खोल आहेत. १९४३ साली बाल्टिमोरमध्ये काम करणाऱ्या लिओ कॅनर या डॉक्टरांनी अकरा मुलांचं वर्णन केलं आणि त्यांच्या एकटेपणावर भर दिला. पुढे १९६७मध्ये ब्रुनो बेटलहाइम यांनी एका गाजलेल्या पुस्तकात या एकटेपणाचं खापर आईच्या थंडपणावर फोडलं. तो आरोप केव्हाच खोटा ठरला, पण आपल्याच कोशात बंद असलेल्या मुलाचं चित्र मात्र लोकांच्या मनातून गेलं नाही. वस्तुस्थिती वेगळी आहे. ऑटिस्टिक मुलं अनोळखी माणसापेक्षा आईकडे जास्त ओढली जातात, ती दूर गेली की अस्वस्थ होतात, हे १९८०च्या दशकापासूनच्या अभ्यासांत दिसत आलं आहे. त्यांना नातं हवं असतं. ते मागण्याची त्यांची रीत आपल्या ओळखीची नसते.

डेमियन मिल्टन हे स्वतः ऑटिस्टिक असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ. त्यांनी २०१२मध्ये मांडलं, की न समजण्याची अडचण दुहेरी आहे: ऑटिस्टिक माणसाला इतरांचं कळत नाही, तसंच इतरांनाही त्याचं कळत नाही. २०२०मध्ये एडिंबरामधल्या संशोधकांनी प्रौढांच्या साखळ्या करून एकाकडून दुसऱ्याकडे गोष्ट सांगत नेली. फक्त ऑटिस्टिक माणसांच्या साखळीत ती इतरांच्या साखळीइतकीच शाबूत राहिली. तपशील जास्त गळाले ते मिश्र साखळीत. मला हा शोध मदतनीस ताईंसाठी फार मोलाचा वाटतो. मुलाने आपल्यासारखं व्हावं म्हणून वाट बघत बसायचं नाही, निम्मा रस्ता आपण चालायचा, असं त्यातून उघड होतं.

तो निम्मा रस्ता चालताना डोळ्यांपासून सुरुवात करावी. 'माझ्याकडे बघ, म्हणजे तू ऐकतोयस हे कळेल' हे वाक्य वर्गात सर्रास ऐकू येतं. कित्येक ऑटिस्टिक प्रौढ सांगतात, की समोरच्याच्या डोळ्यांत बघायला लावलं की सगळं बळ त्यातच खर्च होतं आणि ऐकणं राहून जातं. जमिनीकडे बघत ऐकणारं मूल ऐकतच असू शकतं. त्याची हनुवटी धरून चेहरा वर करणं हा जुलूम आहे.

तेच शब्द परत म्हणणंही निरर्थक मानलं जातं. तहान लागल्यावर मूल 'पाणी पाहिजे का?' असं विचारतं, कारण पाणी मिळण्याआधी दर वेळी त्याने हेच वाक्य ऐकलेलं असतं. बॅरी प्रिझंट आणि ज्युडिथ डुशान यांनी १९८१मध्येच दाखवलं, की अशा पुनरुक्तीमागे होकार, विनंती, आपली पाळी घेणं असे वेगवेगळे हेतू असतात. टीव्हीवरच्या जाहिरातीचं वाक्य मूल कधी म्हणतं, त्याआधी काय घडलेलं असतं, हे लक्षात ठेवणाऱ्या ताईला हळूहळू त्याची भाषा येऊ लागते.

'स्वभावाने प्रेमळ बाई मिळाली की झालं' हा समज पालकांमध्येही आहे आणि मुख्याध्यापकांमध्येही. प्रेम हवंच. पण आपल्याकडे प्रेम म्हणजे पाठीवरून हात, गालाला चिमटा, हसत हसत भराभर बोलणं. काही ऑटिस्टिक मुलांना अचानक झालेला हलका स्पर्शही टोचतो, ट्यूबलाइटची घरघर सहन होत नाही, मधल्या सुट्टीत एकदम उघडलेल्या वीस डब्यांचा वास नकोसा होतो. २०१३ पासून अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदान-निकषांतही संवेदनांमधल्या या फरकाचा समावेश आहे.

अशा मुलाचा विश्वास मिळतो तो पुढे काय होणार हे त्याला कळलं की. 'दोन मिनिटांत येते' म्हटलं तर दोन मिनिटांतच यायचं. दिवसाचं वेळापत्रक चित्रांत लावायचं. १९७०च्या दशकात नॉर्थ कॅरोलिनात एरिक शॉपलर यांनी उभ्या केलेल्या कार्यक्रमातून अशा दृश्य मांडणीचा बराच प्रसार झाला. पावसामुळे पीटीचा तास रद्द होणार असेल, तर ते मैदानाच्या दारात सांगायचं नाही, कळल्याबरोबर सांगायचं आणि चित्रही बदलायचं. 'पुस्तक काढशील का?' या प्रश्नाला मूल 'हो' म्हणून गप्प बसलं, तर तो उद्धटपणा नसतो, ते विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर असतं. 'गणिताचं पुस्तक काढ' असं सरळ सांगावं आणि मग थांबावं. या थांबण्यालाच आपण कचरतो. उत्तर आलं नाही की तीच गोष्ट वेगळ्या शब्दांत पुन्हा सांगतो, आणि मुलाला पहिल्यापासून सगळं समजून घ्यावं लागतं.

मुलाच्या आवडीबद्दलही असंच. दिना मरे, माइक लेसर आणि वेन लॉसन यांनी २००५मध्ये मांडलं, की ऑटिस्टिक माणसाचं लक्ष थोड्याच गोष्टींत एकवटतं, पण तिथे ते फार जोरकस असतं. एखादा मुलगा हार्बर लाइनची स्टेशनं ओळीने म्हणत असेल, तर 'पाच गणितं कर, मग ट्रेनचं पुस्तक देते' असा सौदा लगेच सुचतो. त्यापेक्षा त्याच्या शेजारी बसून पुढचं स्टेशन कोणतं ते विचारावं, दोन स्टेशनांमधल्या मिनिटांचीच गणितं करावीत. न बोलणाऱ्या मुलांशीही असं जुळतं. १९८०च्या दशकात इंग्लंडमधल्या हार्परबरी इस्पितळाच्या शाळेत डेव्ह ह्यूएट आणि मेलनी निंड यांनी विकसित केलेल्या पद्धतीत मोठं माणूस मुलाचे आवाज, हालचाली, लय यांना प्रतिसाद देतं आणि खेळाचा पुढाकार मुलाकडेच ठेवतं.

जिथे नातं खरोखर पणाला लागतं, ती वेळ म्हणजे मूल कोलमडतं तेव्हाची. हट्ट करणाऱ्या मुलाला काहीतरी हवं असतं, आणि ते मिळालं की हट्ट सहसा संपतो. संवेदनांचा भार असह्य होऊन कोलमडलेलं मूल हवी ती वस्तू हातात ठेवली तरी शांत होत नाही. त्या वेळी कमी बोलावं, गर्दी हटवावी, आवाज आणि उजेड कमी करावा. 'असं का केलंस?' हा प्रश्न तेव्हा विचारूच नये. दुसरीकडे काही मुलं, विशेषतः मुली, दिवसभर सगळं दाबून धरतात आणि घरी जाऊन कोसळतात. वर्गात शांत आहे म्हणजे ठीक आहे, असं गृहीत धरू नये.

आता सर्वांत खोलवर रुजलेला गैरसमज: ताई जितकी जास्त वेळ शेजारी, तितकी मदत जास्त. लंडन विद्यापीठाच्या शिक्षणसंस्थेत पीटर ब्लॅचफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ पासून काही वर्षं केलेल्या मोठ्या अभ्यासाचा निष्कर्ष २००९मध्ये आला आणि इंग्लंडच्या शाळा हादरल्या. टीएची सर्वाधिक मदत मिळालेल्या मुलांची प्रगती, तशाच पण कमी मदत मिळालेल्या मुलांपेक्षा कमी होती. मुलांची आधीची पातळी आणि विशेष गरजा हिशेबात धरूनही हेच दिसलं. दोष सहायकांच्या कुवतीचा नव्हता, त्यांना वापरण्याच्या पद्धतीचा होता. शिक्षिकेशी आधी बोलायला त्यांना वेळ मिळत नव्हता, त्यामुळे धडा त्या मुलाबरोबरच पहिल्यांदा ऐकत होत्या. समजण्यापेक्षा वही पूर्ण होण्याकडे लक्ष जात होतं. आणि 'त्याच्याकडे टीए आहे' म्हणून शिक्षिका त्या मुलाकडे कमी वळत होती.

अमेरिकेत मायकल जियांग्रेको यांनी १९९७मध्येच याची दुसरी बाजू नोंदवली होती. सतत घिरट्या घालणाऱ्या मोठ्या माणसामुळे मूल वर्गमित्रांपासून तुटतं आणि त्याच एका व्यक्तीवर विसंबून राहू लागतं. ऑटिस्टिक मुलाच्या बाबतीत हे अधिकच दुखावणारं आहे, कारण ज्या मैत्रीसाठी त्याला सर्वसाधारण शाळेत घातलं, तिच्याच मध्ये एक खुर्ची येऊन बसते.

म्हणून चांगल्या शाळांत क्रम उलटा असतो. ताई आधी काही न बोलता मुलाला प्रयत्न करू देते. अडलं तर 'आता पुढे काय करायचं होतं?' एवढंच विचारते, मग एखादा सुगावा देते, आणि करून दाखवते ते सर्वांत शेवटी. मधूनमधून शिक्षिका स्वतः त्या मुलापाशी बसते आणि ताई उरलेल्या वर्गात फिरते.

'हे मूल टीएचं' हा समज इंग्लंडमध्ये नियमानेही खोडला आहे. २०१५च्या विशेष गरजांविषयीच्या तिथल्या नियमावलीनुसार सहायक असो वा नसो, प्रगतीची जबाबदारी वर्गशिक्षकाचीच. आपल्याकडे २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे, आणि २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक स्तरावर दहा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण सांगितलं. पण विशेष शिक्षक वेगळे आणि मुलाशेजारी दिवसभर बसणारी शॅडो टीचर वेगळी. ती पालकांनी नेमलेली असली, तरी तिच्याशी रोज दहा मिनिटं बोलण्याचं काम वर्गशिक्षिकेचं आहे.

ताई बदलते तेव्हाचीही तयारी लागते. नवी ताई जुनी असतानाच मुलाला भेटावी, आणि जुनीने एक पान लिहून द्यावं: कोणता आवाज सहन होत नाही, 'नको' कसं सांगतो, थकला हे कशावरून ओळखायचं, कोणत्या मुलांबरोबर रमतो. हे पान वर्गशिक्षिकेने आणि पालकांनीही वाचावं, आणि मूल बोलून, चित्रांतून किंवा खुणेने सांगू शकत असेल, तर त्याला विचारूनच लिहावं.