उंचावरून वेग दिसत नाही

संक्रांत उलटली की विदर्भात शंकरपटाचे, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतींचे, वेध लागतात. उलंगवाडी झालेल्या वावरात माती दाबून धावपट्टी तयार होते, लाउडस्पीकरवरून जोड्यांची आणि त्या हाकणाऱ्या धुरकऱ्यांची नावं पुकारली जातात, आणि दोन बैल, एक हलकी छकडी अन् तिच्यावर जीव मुठीत धरून बसलेला एक माणूस काही सेकंदांत डोळ्यांसमोरून निघून जातात. वर्धा नदीपलीकडचं, अमरावती जिल्ह्यातलं तळेगाव दशासर हे पटाचं नावाजलेलं गाव. नदीच्या अलीकडे, वर्धा जिल्ह्यातही पटाचा शौक कमी नाही. कित्येक पटांत जोडीची शर्यत शेजारच्या जोडीशी नसते, घड्याळाशी असते, आणि निकाल सेकंदाच्या शंभराव्या भागावर लागतो.

हल्ली या गर्दीच्या डोक्यावर ड्रोनही घोंघावतो. तो बहुतेकदा तालुक्याच्या फोटो स्टुडिओतला असतो. लग्नसराईत वरातीवर फिरायचं, मोकळ्या दिवसांत पटावर. आणि वरातीतली सवय इथं नडते. ऑपरेटर ड्रोन शंभर मीटर वर नेतो. खाली गर्दी, मंडप, पांढरी धावपट्टी असं सगळं झकास दिसतं. फक्त जोडी सुटते तेव्हा मुंगी सरकावी तशी सरकते. समोर उभ्या असलेल्या माणसाच्या छातीत धडधडलेलं असतं, व्हिडिओत त्यातलं काहीच उतरत नाही.

याचं कारण साध्या गणितात आहे. ताशी ६० किलोमीटरने जाणारी वस्तू सेकंदाला सुमारे १७ मीटर अंतर तोडते. ती दहा मीटरवरून समोरून गेली तर नजर गर्रकन फिरवावी लागते. शंभर मीटरवरून पाहिली तर नजर दहापट सावकाश फिरते. वेग तोच, पण डोळ्याला तो मिळतो मागे पळणाऱ्या जवळच्या गोष्टींतून: धुऱ्यावरची तुरी, बांबूचं कुंपण, उडणारी ढेकळं. म्हणून जाणते ऑपरेटर ड्रोन खाली आणतात, धावपट्टीपासून अंतर राखून बाजूने समांतर उडवतात आणि जोडी व कॅमेरा यांच्या मध्ये काहीतरी येऊ देतात. झाड असो, ट्रॅक्टर असो, प्रेक्षकांची रांग असो. ते सपकन मागे गेलं की वेग आपोआप दिसतो.

मोटारींच्या शर्यतीतही हाच धडा गिरवला गेला. २०२४ मध्ये इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोन ट्रॅकवर रेड बुलने नेदरलँड्सच्या ड्रोनवाल्यांकडून खास यंत्र बनवून घेतलं आणि मॅक्स व्हर्स्टापेनच्या फॉर्म्युला वन गाडीमागे सोडलं. ताशी ३०० किलोमीटरहून अधिक वेगाने धावणारा तो ड्रोन गाडीच्या पाठीला चिकटून वळणं घेत होता. चालवणाऱ्याच्या डोळ्यांवर गॉगल आणि त्यात थेट ड्रोनच्या कॅमेऱ्यातलं दृश्य, म्हणजे आपणच आत बसल्यासारखं. या प्रकाराला एफपीव्ही म्हणतात. आपल्याकडे जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात बालेवाडीला इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली. मातीच्या उंचवट्यांवरून मोटरसायकली हवेत झेपावणारा हा खेळ कॅमेऱ्याला सोपा वाटतो, पण तिथंही फार उंचावरून पाहिलं तर झेपेची उंचीच सपाट होऊन जाते.

मग सगळ्यांनी ड्रोन बैलाच्या शिंगांशी न्यावा का? मुळीच नाही. २२ डिसेंबर २०१५ रोजी इटलीतल्या मॅडोना दि कॅम्पिलिओ इथं स्कीइंगचा नामवंत खेळाडू मार्सेल हिर्शर उतारावरून येत असताना चित्रीकरणाचा ड्रोन त्याच्या अगदी मागे कोसळला. पुसटशा अंतराने तो वाचला, आणि आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने आपल्या शर्यतींतून कॅमेरा ड्रोन हद्दपार केले. पटात तर धावणारा जीव मुका आहे. पंख्यांचा आवाज डोक्यावर आला की बैल बुजतो, आणि बुजलेली जोडी गर्दीत घुसली तर काय होईल हे सांगायला नको.

बैलांवरून आठवलं, वर्धा जिल्ह्याचा स्वतःचा गवळाऊ बैल आहे. आर्वी, आष्टी, कारंजा या भागातली ही पांढरी, चपळ जात पहिल्यापासून वेगाने चालण्यासाठी ओळखली जाते. कॅमेऱ्याला मात्र तिचा रंग जड जातो. कापसाच्या काळ्या जमिनीवर पांढरी जोडी आली की ऑटो मोडवरचा ड्रोन त्या काळ्या मातीला भुलून चित्र उजळवतो, आणि बैलांचं अंग नुसतं पांढरंफेक होतं. ना स्नायू दिसतात, ना घाम. उपाय असा की प्रकाश आधी पांढऱ्या बैलावर मोजायचा, तिथेच पक्का करायचा आणि माती थोडी अंधारी राहू द्यायची. ती नंतर एडिटिंगमध्ये वर आणता येते. जळालेला पांढरा रंग कशानेच परत येत नाही.

दुसरी गफलत शटरची. भर उन्हात ऑटो मोड शटर १/१६०० पर्यंत पळवतो. ताशी ६० किलोमीटरच्या वेगात एवढ्या वेळात वस्तू जेमतेम एक सेंटिमीटर सरकते, त्यामुळे प्रत्येक फ्रेम कोरीव पण हालचाल तुटक, खटक्याखटक्याची दिसते. सेकंदाला ५० फ्रेमने चित्रण करताना शटर १/१०० ठेवावं. मग एका फ्रेममध्ये वस्तू सुमारे १७ सेंटिमीटर सरकते आणि पायांना, चाकांना हवी ती पुसट रेघ मिळते. त्यासाठी भिंगापुढे एनडी १६ ही गडद काच लावायची. चार-पाचशे रुपयांच्या वस्तूसारखी दिसणारी ही काच महागड्या ड्रोनपेक्षा जास्त फरक पाडते, असं म्हटलं तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

एडिटिंगच्या टेबलावर पहिली अडचण आवाजाची. ड्रोनला बहुधा मायक्रोफोन नसतो. असता तरी पंख्यांखेरीज काही ऐकू आलं नसतं. म्हणून सुटण्याच्या रेषेजवळ एक साधा रेकॉर्डर हवा. घुंगरू, धुरकऱ्याची आरोळी, चाकांची खडखड हे सगळं जमिनीवरून घेऊन चित्राशी जुळवलं की त्याच शॉटमध्ये जीव येतो. दुसरी अडचण दिशेची. जोडी पडद्यावर डावीकडून उजवीकडे धावत असताना ड्रोनने धावपट्टी ओलांडली, तर पुढच्या शॉटमध्ये ती उजवीकडून डावीकडे धावू लागते आणि पाहणाऱ्याला वाटतं, जोडी माघारी फिरली! मग मध्ये एक समोरून घेतलेला शॉट टाकून वेळ मारून न्यावी लागते.

स्लो मोशनचाही मोह आवरलेला बरा. १०० फ्रेमने घेतलेलं चित्र २५ ने दाखवलं की आठ सेकंदांची धाव बत्तीस सेकंदांची होते. सुटतानाचा एक हिसका तसा दाखवावा. अख्खी धाव दाखवली तर शर्यतीचं कीर्तन होतं. उलट काही जण चित्र गुपचूप वेगाने पळवतात. घड्याळावर जगणाऱ्या खेळात ही शुद्ध लबाडी आहे.

इथं लबाडीला वेगळं वजन आहे. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींवर बंदी आणली. राज्याने २०१७ मध्ये कायदा बदलला, १६ डिसेंबर २०२१ रोजी शर्यतींना सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तो कायदा वैध ठरवला. चाबूक, काठी, विजेचा झटका यांना मनाई आणि शर्यतीचं चित्रीकरण ही त्या परवानगीमागची व्यवस्था. तेव्हा पटावरचा कॅमेरा हौसेपुरता उरलेला नाही. रील कितीही कापा, पण मूळ फुटेज न कापता वेगळं ठेवायला हवं.

ड्रोनचीही स्वतःची कागदपत्रं असतात. ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो आणि दोन किलोपर्यंतचा मायक्रो. मायक्रो ड्रोनने पैसे घेऊन काम करायचं तर रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागतं. हिरव्या क्षेत्रात १२० मीटरपर्यंत उडवता येतं, मात्र आधी डिजिटल स्काय नकाशा पाहायचा. वर्धा जिल्ह्यात तर नक्कीच पाहायचा, कारण पुलगावला लष्कराचं मोठं दारूगोळा भांडार आहे आणि सेलूकडे बोर व्याघ्र प्रकल्प. दोन्हीकडे हौसेने ड्रोन सोडण्यात शहाणपण नाही. समृद्धी महामार्गावर मित्रांच्या गाड्यांची शर्यत टिपणाऱ्यांचा मामला आणखी सोपा: रस्त्यावरची विनापरवाना शर्यत मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे आणि पुरावा त्यांनी स्वतःच शूट केलेला असतो.

संध्याकाळी पट उठतो. सेकंदाला १०० मेगाबिटने चित्रण केलं तर मिनिटाला सुमारे ७५० एमबी, म्हणजे वीस मिनिटांच्या एका बॅटरीमागे १५ जीबी. तीन बॅटऱ्यांचं फुटेज स्टुडिओतल्या कॉम्प्युटरवर उतरायला वेळ लागतो. तोवर जोडीचा मालक दारात उभा राहून आपल्या बैलांचा फोटो मागत असतो, ज्यात सगळे खूर जमिनीवरून सुटलेले आहेत असा.