बारा महिने चालणारी सुरत आणि दोन महिने थांबणारे आपण



१ जूनला बोटी किनाऱ्याला लागल्या की आठ-दहा दिवसांत पोरं म्हणायला लागतात, "तिकडं सुरतेला मशीन बारा महिने चालतं, आणि आपण ६१ दिवस हात बांधून बसायचं!"

पोरांचं अगदीच खोटं नाही. सुरतेत यंत्रमाग बारा-बारा तासांच्या पाळीवर चालतात. उधना, लिंबायतला खानदेशातून गेलेली किती मराठी कुटुंबं त्यावरच जगतात. हिऱ्याच्या कारखान्यातही बहुतेकांची मजुरी नगावर. हात थांबला की पैसा थांबला.

पण ऑगस्ट २०२४ आठवा. किरण जेम्स या सुरतेच्या बड्या हिरे कंपनीने १७ ते २७ ऑगस्ट अशी सुटी जाहीर केली, जवळपास ५० हजार कामगारांना. सणासाठी नव्हे. परदेशात पैलू पाडलेल्या हिऱ्यांची मागणी घसरली होती, म्हणून कंपनीनेच उत्पादन आवरतं घेतलं. मग बारा महिने मशीन फिरवून मिळालं काय, हा प्रश्न तिथंही पडलाच असेल.

आणि हिऱ्याचं एक बरं असतं. तिजोरीत ठेवला तर जेवढा होता तेवढाच राहतो. पाण्यात सोडलेला मासा मात्र वाढतो, अंडी घालतो. आपल्या पापलेटला २०२३ मध्ये राज्यमासा केलं, १३५ मिलिमीटरच्या आतलं पकडू नये असा नियमही त्याच वर्षी आला. तरी तळहाताएवढं पापलेट बाजारात दिसतंच ना? ते कोण आणतं, हे आपल्यालाच ठाऊक.

आता कुणी म्हणेल, थांबायचं तर खायचं काय? रास्त प्रश्न आहे. बंदीच्या काळासाठी केंद्राची बचत-मदत योजना आहे. मच्छीमाराने १५०० भरायचे, सरकारचे ३०००, आणि मग तीन महिने दरमहा १५०० रुपये. एवढ्यात घर चालत नाही. बोटीच्या कर्जाचा हप्ता तर बंदी पाळतच नाही. खिसा रिकामा असताना बसणं म्हणजे विश्रांती नव्हे, हे आम्हीही मानतो. म्हणून भांडायचंच तर मदत वाढवा म्हणून भांडू, दिवस कमी करा म्हणून नको.

डोलीवाल्या जुन्या तांडेलांना विचारा. उधाणाला पाण्याला ओढ, तेव्हा डोल मारायची. भांगाला पाणी मंद, डोल नीट फुगत नाही, म्हणून होडी किनाऱ्यावर. मग जाळी सांधायची, लग्नकार्याला जायचं, झोप काढायची. महिन्यातून दोनदा समुद्रच सुटी द्यायचा. इंजिन आणि ट्रॉलर आले तशी ती सुटी गेली. डिझेल जाळून लांब जायचं, चार दिवसांच्या फेरीचे आठ दिवस करायचे, आणि परत आल्यावर डिझेल-बर्फ-खलाशांचा हिशेब काढला की हातात उरतं किती?

तुमच्या बंदरात भांगाला अजून कोणी होड्या थांबवतं का? कमेंटमध्ये गावाच्या नावासकट लिहा. बंदी उठायच्या आधीच्या सभेत हा विषय घेणार आहोत.