नवोदयची परीक्षा मुलाची की आईबाबांची?

रात्रीचे दहा वाजलेत. पाचवीतलं मूल पेंगत पेंगत आकृत्या सोडवतंय आणि आई बजावतेय, "नवोदयला नंबर लागलाच पाहिजे हं!"

आईचंही चुकत नाही. जवाहर नवोदय विद्यालयात सहावीपासून राहण्याजेवणाची मोफत सोय होते. पण एका विद्यालयात सहावीसाठी जास्तीत जास्त ८० जागा आणि परीक्षा देता येते एकदाच. मग तयारी कशी करून घ्याल?

आधी पेपर समजून घ्या. दोन तास, ८० प्रश्न, १०० गुण. यातले निम्मे गुण आकृत्यांवर आधारलेल्या बुद्धिमत्ता चाचणीला असतात. तिथे घोकंपट्टी चालत नाही. रोज सकाळी ताज्या डोक्याने अर्धा तास सराव पुरे. उत्तर चुकलं तर रागावू नका, "तू कसा विचार केलास?" असं विचारा.

उरलेले गुण गणित आणि भाषेचे. भाषेसाठी रोज एक उतारा वाचून त्यावर प्रश्न विचारा. चुकीच्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत, तेव्हा एकही प्रश्न सोडायचा नाही, हे मुलाला सांगून ठेवा. उत्तरपत्रिकेतले गोल पेनने नीट भरण्याचा सरावही हवा.

निवड झाली तर मूल वसतिगृहात राहणार. अंथरूण आवरणं, कपडे धुणं आतापासूनच शिकवा. त्याची तिथे जायची तयारी आहे का, तेही विचारा.

आणि निकालाची वाट न बघता आजच सांगा, "नंबर नाही लागला, तरी तू आमचा लाडकाच आहेस." दहा वर्षांच्या जिवाला हा आधार लागतो.